मोखाडा तालुका पॉप क्रमवारी, सर्वोत्तम वर्षाच्या निकषावर

५ नोव्हेंबर २००३
आजपासून रोजनिशी पुन्हा सुरू. मागची जानेवारीत सुरू केली होती. दोन दिवसांनी पेन संपल्यामुळे बंद पडली.

या वेळी कारण मोठं आहे. बीडीओ साहेबांनी पंचायत समितीत जाहीर केलं की २६ जानेवारीच्या कार्यक्रमात तालुक्यातल्या एक नंबरच्या गायकाचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार होणार, शिवाय स्टेजवर गाणं. मग त्यांनी विचारलं, आपल्याकडे एक नंबर कोण? सगळं ऑफिस एका सुरात म्हणालं, खोडाळ्याचा नितीन. बांधकाम विभाग तर दोनदा म्हणाला. मी त्याच खोलीत, आवक-जावकच्या टेबलाशी, हातात चहा घेऊन उभा. तालुक्यात पॉपचा अल्बम काढणारा पहिला माणूस! ‘सुदर्शन पॉप, व्हॉल्यूम वन’. याच नितीनने त्यात माझ्यामागे कॅसिओ वाजवला होता, दोन वेळच्या जेवणावर. आज त्याची बँजो पार्टी आहे म्हणे.

संकल्प : रोज पहाटे पाचला रियाज. तंबाखू बंद. आणि एक नंबर कोण, हे तोंडी नाही, आकड्यांवर ठरवायचं. क्रमवारी मी स्वतः करणार. निःपक्षपाती.

६ नोव्हेंबर
पाचला उठलो. थंडी. गळ्याला थंडी वाईट. पुन्हा झोपलो.

९ नोव्हेंबर, रविवार
गोकुळ कॅसेट सेंटरला गेलो. तालुक्यात कुठलीही कॅसेट खपते ती गोकुळच्याच दुकानातून, त्यामुळे डेटा तिथेच. गोकुळ लिहून काही ठेवत नाही, पण बॅटरीचे सेल विकता विकता सगळं सांगतो.

नितीन : दर लग्नसराईत शे-दीडशे, न चुकता. मी : गेल्या तीन वर्षांत एकही नाही. गोकुळ तोंडावर म्हणाला, मागणीच नाय. मला क्षणभर वाईट वाटलं. पण १९९९! त्या एका वर्षात माझा अख्खा खोका संपला, नाशिकहून दुसरा मागवला, तोही संपला. चारशेच्या वर. हे सांगताना गोकुळ गालातल्या गालात हसत होता. माझ्या यशाचा त्यालाही आनंद आहे.

परत येताना लुनावरच पद्धत सुचली. एकूण विक्री म्हणजे सेवाज्येष्ठता. खुर्चीला चिकटून बसलं की ती वाढतेच. सर्वोत्तम वर्ष म्हणजे गुणवत्ता. तेव्हा प्रत्येक कलाकाराचं फक्त सगळ्यात चांगलं वर्ष धरायचं. फॉरेनमध्ये असंच करत असणार.

१० नोव्हेंबर
क्रमवारी तयार. पहिला : सुदर्शन (१९९९). दुसरा : नितीन आणि पार्टी (२००१). तिसरं : भजनी मंडळ. टॉप टेन करायचं होतं, पण तालुक्यात तेवढे कलाकारच नाहीत. चौथ्या जागी शेळ्यांच्या लसीकरणाची सरकारी कॅसेट घातली. ती फुकट वाटली होती हे खरं, पण मध्ये मध्ये ढोलकी आहे. टॉप फोरवर भागवलं.

चंद्रकलाला वाचून दाखवलं. बायको असून तिला कौतुक नाही. म्हणाली, ते राहू द्या, तुमची ती कॅसेट ऑफिसातून घरी आणा ना, रविनाला ऐकायची आहे. मला भरून आलं. सात वर्षांची पोर, पण कान तयार! तर म्हणे तुमचं गाणं नाही, आजीचा आवाज ऐकायचाय.

हा विषय निघाला की माझं डोकं सरकतं. रेकॉर्डिंग पोशेऱ्याला आमच्या घरातच केलं होतं. तिसऱ्या गाण्यात, माझी तान अगदी टिपेला असताना, आई चुलीपासून ओरडली : “सुद्या, ये रं जेवाया! नागलीची भाकर निवली. गाना काय पळून नाय जात.” नितीन हसला आणि वाजवत राहिला. पुन्हा घ्यायचं तर टेप रेकॉर्डर त्याच संध्याकाळी परत द्यायचा होता. नाशिकच्या कंपनीला लिहिलं होतं, तेवढं कापा. नाही कापलं. लेबलही फक्त कव्हरवर लावलं, कॅसेटवर नाहीच. तालुक्यातलं पहिलं पॉप, त्यात भाकर!

आई जाऊन दोन वर्षं झाली. फोटो एकच आहे, मतदान ओळखपत्रावरचा, त्यात ती फोटोग्राफरवर चिडलेली दिसते. आवाज म्हणाल तर तेवढाच.

चंद्रकलाला सांगितलं, आता उरलेली एकच आहे, मास्टर कॉपी, ऑफिसच्या कपाटात सुरक्षित आहे. पोराटोरांनी वाजवायची वस्तू नाही. २६ जानेवारीला सत्कार झाला की घरी आणतो. ती म्हणाली, नक्की? मी म्हणालो, मी म्हणजे काय नितीन आहे?

२१ नोव्हेंबर
मास्टर कॉपीचं कव्हर काढून फ्रेम करायला दिलं. गॉगलमधला फोटो आहे. स्टेजवर टेबलावर ठेवता येईल. कॅसेट तशीच कपाटात ठेवली.

रियाज : नाही. फ्रेमच्या गडबडीत.

१४ डिसेंबर, रविवार
साहेब म्हणाले, क्रमवारी ठीक आहे, पण लोकांना तुमची गाणी आवडतात याला काही आधार? म्हणून चाहत्यांच्या भेटी सुरू.

पहिला चाहता : भिका, मोखाडा-खोडाळा जीपवाला. मी त्याच्या जीपने कधी जात नाही, धुळीने गळा बसतो. पण स्टँडवर गाडीत डोकावलो तर काय, माझ्या सात कॅसेट! सात! एवढं प्रेम बायकोनेही केलं नाही. भिका म्हणाला, भाऊसाहेब, तुमची कॅसेट म्हणजे कॅसेट, टेप तुटत नाय की गुंतत नाय. मी विचारलं, सगळ्यात आवडतं गाणं कुठलं? तेवढ्यात सीटा भरल्या आणि तो निघून गेला. लाजला असावा.

१५ डिसेंबर
दुसरा चाहता : पोश्या, पोशेऱ्याचा. आमच्या खालच्या अंगाला त्याचं भाताचं शेत. म्हणाला, तुमच्या कॅसेटवर आवाज लय साफ येतो. म्हटलं, लाव. लावली, तर तारपा वाजायला लागला. पोराच्या लग्नातला. मागे माणसं ओरडतायत, एक कुत्रं भुंकतंय. पोश्या डोळे मिटून डोलत होता. कव्हर माझंच. आतली कॅसेट चुकून दुसरी गेली असणार. खेड्यातली माणसं, वस्तू जागच्या जागी ठेवत नाहीत.

२ जानेवारी २००४
तिसरी चाहती : ममताबाई, चंद्रकला शिकवते त्या शाळेतल्या. त्यांच्याकडे माझ्या दोन. एकीत बेचा पाढा, दुसरीत पसायदान. पुन्हा चूक? दोन्हीकडे? बाईंना विचारलं, तर म्हणाल्या, अहो, किती छान भरते ती.

भरते?

तंबाखू आज दोनदा. टेन्शन.

४ जानेवारी, रविवार
गोकुळला गाठलं. आधी आढेवेढे घेतले, मग सगळं ओकला. तेव्हा कोरी कॅसेट महाग होती. माझी स्वस्त, कारण खपतच नव्हती. टेप चांगली, वर लेबल नाही, आणि कंपनीने मागच्या पट्ट्या तोडल्या नव्हत्या, त्यामुळे तिच्यावर थेट भरता यायचं. ९९ साली गोकुळने माझा खोका उचलून कोऱ्या कॅसेटच्या फळीवर ठेवला. लोक घेऊन गेले. म्हणाला, तुमचं नाव बी झालं ना भाऊसाहेब, सगळ्या घरात कव्हर हाय.

रडू आलं. म्हणजे डोळ्यात पाणी आलं. दुकानात धूळ फार.

५ जानेवारी
रात्र वैऱ्याची गेली, पण सकाळी डोकं चाललं. निकष काय आहे? विक्री. लोकांनी का घेतली, हा निकषात मुद्दाच नाही. घेतल्यानंतर ते कॅसेटचं काय करतात ही त्यांची खासगी बाब. क्रमवारी कायम. फाइलवर सही केली.

चंद्रकलाला यातलं काही सांगितलं नाही. ती विचारत होती, बाहेर कोणाकडे एखादी मिळाली का. म्हटलं, कशाला हवी? मास्टर कॉपी आहे ना.

१९ जानेवारी
साहेब दुपारी जव्हारला मीटिंगला निघणार होते. म्हणाले, तुमचं निवेदन कॅसेटवर भरून द्या, घाटात ऐकतो, मग ठरवू. संधी! रेकॉर्डर ग्रामपंचायत विभागाचा. कॅसेट नव्हती. शिपाई बुधाला म्हटलं, बघ रे कुठे आहे का. त्याने कपाटातून एक काढून दिली. लेबल नाही, कव्हर नाही, कोरी करकरीत.

दोन्ही बाजू बोललो. निकष, गुणवत्ता, पॉपचं भवितव्य. शेवटी चार शब्द आईबद्दलही बोललो, तिने मला कसं घडवलं. आवाज असा लागला की बुधाने दार लावून घेतलं. लोकांनी गर्दी करू नये म्हणून असेल.

२५ जानेवारी, रविवार
उद्यासाठी मास्टर कॉपी आणायला ऑफिस उघडून घेतलं. कपाटात नाही. वरच्या कप्प्यात नाही, खालच्यात नाही, घरकुलाच्या फायलींमागे नाही. बुधाला घरून बोलावलं. तो म्हणाला, कपाटात तर एकच व्हती. तीच नाय का दिली?

साहेबांच्या ड्रायव्हरकडून कॅसेट आणली. लावली. नमस्कार, मी सुदर्शन. पुढे ढकलली. तरी मी. उलटी केली. तिथेही मीच. इतकी बडबड एखादा माणूस कसा करू शकतो. एका ठिकाणी मी म्हणतो, माझी आई आज हे ऐकायला हवी होती.

घरी सांगितलं. वाटलं होतं चंद्रकला भांडेल. मी उत्तरंही तयार ठेवली होती, बुधाची चूक, कंपनीची चूक, लेबलची चूक. ती भांडली नाही. एवढंच म्हणाली, “तिसरं गाणंसुद्धा?”

मी हो म्हणालो. ती उठून भांडी घासायला गेली. घासलेलीच होती.

२६ जानेवारी
सत्कार नितीनचा. साहेब म्हणाले, तुमचं निवेदन लावलं आणि घाटात कधी डोळा लागला कळलं नाही, आभारी आहे.

नितीनने शाल घेतली आणि माइकवर म्हणाला, माझ्या उस्तादांनी वर यावं, व्हॉल्यूम वनमधलं पहिलं गाणं म्हणावं. उपकार करतोय मोठा! गेलो. त्याने कॅसिओ सुरू केला. पहिलं कडवं म्हटलं. दुसरं आठवेना. ज्याने लिहिलं, ज्याने गायलं, त्यालाच. नितीनला पाठ होतं, त्याने पुरं केलं. टाळ्या चांगल्या पडल्या. फ्रेम टेबलावर उभी होती ती वाऱ्याने पडली.

परतताना लुना सुरू होईना. चंद्रकला आणि रविना बरोबर, म्हणून नाइलाजाने भिकाच्या जीपमध्ये बसलो. माणसं कोंबलेली. सिनेमाची गाणी जोरात. माझ्याच कॅसेटमधून, कव्हरवरून मी गॉगल लावून बघत होतो. चढाला गाडीने दम टाकला आणि गाणं मध्येच तुटलं. थोडा कॅसिओ. अर्धी माझी तान. आणि मग,

“सुद्या, ये रं जेवाया!”

पुढचं अख्ख्या जीपने म्हटलं. म्हाताऱ्या, पोरं, टपावरची माणसंसुद्धा. नागलीची भाकर निवली, गाना काय पळून नाय जात. सगळे हसले. लगेच पुढचं सिनेमाचं गाणं सुरू.

भिका आरशातून माझ्याकडे बघत म्हणाला, भाऊसाहेब, राग मानू नका, तुमची गाणी पुसली. पण तेवढं नाय पुसलं. पुसलं तर शिटा ओरडतात. चार वर्षं झाली, या चढाला तेच लागतं.

शेजारच्या बाईने तिच्या जोडीदारणीला विचारलं, हा सुद्या कोण गं, जो जेवायलाच येत नाय? ती म्हणाली, असंल कोणी बिनकामाचा. मी बाहेर बघत राहिलो. पण रविना सीटवर उभी राहिली आणि सगळ्या जीपला ऐकू जाईल असं म्हणाली, “माझे पप्पा. आणि ती माझी आजी.”

भिकाने कॅसेट मागे घेतली आणि पुन्हा लावली. मग पुन्हा. चंद्रकला पदराने डोळे पुसत होती. मलाही धूळ फार लागली.

उतरताना भिकाने कॅसेट काढून रविनाच्या हातात दिली. वर म्हणाला, ऐकून झाली की परत द्या, शिटांना काय सांगू?

२७ जानेवारी
सुधारित क्रमवारी. पहिली : आई. एक ओळ. सर्वोत्तम वर्ष : अजून चालू आहे. दुसरा : नितीन. शेळ्यांची कॅसेट तिसऱ्यावर आणली, भजनी मंडळ चौथ्यावर. सुदर्शन : निकषात बसत नाही.

फाइल बंद. खरं म्हणजे या पद्धतीतच काही त्रुटी आहेत, त्यावर सविस्तर टिपण लिहायला घेतलं होतं. पण चंद्रकला केव्हापासून जेवायला हाका मारतेय. भाकर निवली असेल. जातो.