तीन खर्डे

मंगळवार, संध्याकाळ. धाराशिव.

निबंध एका दमात होत नाही, खोडत खोडत घडतो, हे शिकवायला मी बी.ए.ला नवा पेपर आखला. प्रत्येकानं एकाच निबंधाचे तीन खर्डे द्यायचे.

आज भूमची शबाना वर्गात सहज सांगून गेली, "सर, आमी आधी पक्का लिहितो. मग पेन बदलून, चुका घालून दोन कच्चे करतो. खोटी खाडाखोड करायलाच लई वेळ जातो." वर्ग हसला. मीही हसलो की काय?

विभागप्रमुखांना सांगितलं, तर म्हणाले, "फाईल पूर्ण आहे ना?"

आहे. प्रत्येक खोट्या खाडाखोडीखाली माझी सही आहे.

पण चिडू कुणावर? या पेपरसाठी तीन बैठका झाल्याची इतिवृत्तं मीच एका दुपारी बसून लिहिली होती. बैठक एकही झाली नव्हती. पेन मात्र आठवणीनं बदललं होतं.