घड्याळाची चहाडी

३ फेब्रु., मंगळ.
अप्रेझल झालं. टीम लीडची जागा माझ्याऐवजी अमोलला. देशमाने सर गोड आवाजात: "रुबीना, तुझे आकडे बघितले. झोप चार तास, मूड रोज दोन. तुझ्यावर अजून लोड टाकणं बरोबर नाही."
दिवाळीला ऑफिसने घड्याळं वाटली तेव्हा हेच सर म्हणाले होते, ज्याचे आकडे त्यालाच दिसतील. मी भाबडी, अ‍ॅपवर रोज खरं भरत गेले. अब्बा गेल्यापासूनची धडधड, जेवण नको, जिन्यात मध्येच रडू. दहापैकी दोन म्हणजे दोन.
कळंबोलीचं हे ट्रान्सपोर्ट ऑफिस पाच वर्षं मी उभं ठेवलं. 'सर' आजपासून बंद. नुसता 'दे.' लिहायचं. सोडणार नाही त्याला.

४ फेब्रु.
घड्याळ काढून ड्रॉवरमध्ये टाकलं. अम्मी: "त्याला मरू दे, तू आधी जेव." नाही जेवले.
तक्रार करायची तर कोणाकडे, दे.कडेच? त्याच्या गाडीची हवा काढायची... पोरकट.

६ फेब्रु., शुक्र.
घड्याळ परत घातलं. आता खोटं भरते. मूड नऊ. दे. कॅबिनमधून अंगठा दाखवतो, "बघ, किती फरक!" तेव्हा माझी नाडी ११८. ती तेवढी खोटी भरता येत नाही.

९ फेब्रु., सोम.
धडधडीसाठी ज्यांच्याकडे जाते त्या खारघरच्या डॉ. बाई चिडल्या. "खोटं भरलंस तर मला काय कळणार? स्वतःसाठी खरं लिही." घड्याळातले नाडीचे आकडे दाखवले. मी प्रत्येक धडधडीपुढे कारण म्हणून दे. लिहून ठेवलं होतं. त्यांनी विचारलं, "आणि रविवारी?"
रविवारीही तेवढीच. रविवारी अब्बा सारसोळेहून मासळी आणायचे. ते दे.च्या माथी मारता येत नाही. याचाच जास्त राग आला.

१२ फेब्रु., गुरु.
दे.ने स्वतः काम दिलं. सगळ्या स्टाफचे घड्याळाचे आकडे, हेड ऑफिसला रिपोर्ट. "तू टेबल छान करतेस." फाइल उघडली तर त्याचीही ओळ. विसरला असणार.
झोप तीन तास. मूड एक. एक. एक. एक.
मोठ्याने हसले. अमोल बघतच राहिला.

१३ फेब्रु.
मेल तयार. बाकी बावीस जणांची नावं काढली, नुसते आकडे ठेवले. दे.चं नाव तेवढं ठेवलं. ठळक केलं. खाली त्याचंच वाक्य टाकलं: यांच्यावर अजून लोड टाकणं बरोबर नाही.
आज पोटभर जेवले. अम्मी खूश. तिला काय सांगू कशामुळे ते.

१६ फेब्रु., सोम.
पाच चाळीस. ऑफिसातच लिहितेय.
दे. टेबलाशी आला. "रिपोर्ट गेला?" "नाही." मग एकदम थांबला. "माझी ओळ... बघितलीस?"
"बघितली."
शेजारच्या खुर्चीत बसला. इतका हळू बोलताना कधी ऐकला नाही. "घरी कुणालाच माहीत नाही. ती काढ." हुकूम होता की विनंती, कळलं नाही.
मी विचारलं, "माझे आकडे बघताना तुम्हाला काय वाटलं होतं?"
तो म्हणाला, "ते काम होतं." उठला, शर्ट नीट केला. "सहापर्यंत पाठव."
सॉरी नाही. एक शब्द नाही. म्हणाला असता तर...
नाव अजून तिथेच आहे. मेल स्क्रीनवर उघडाच आहे.
अमोल बॅग घेऊन दारात. "मॅडम, निघायचं ना?"
म्हटलं, तू हो पुढे. एक मेल राहिलाय.