वर नेल्याशिवाय किल्ली देऊ नये

मी, लेओन्तीन बार्तेस, वैमानिक कै. फिर्मँ बार्तेस यांची विधवा, राहणार कास्त्र, विमानतळामागचे शेवटचे घर, माझ्या मागे काय व्हावे ते स्वखुशीने लिहून ठेवत आहे. गुडघे गेले आहेत, डोके जागेवर आहे. शंका असल्यास डॉक्टरांना विचारावे.

जेवणघरात टांगलेला विमानाचा लाकडी पंखा नणंद युजेनी हिला द्यावा. दर नाताळला ती ऐकवते, "वहिनी, ती आमच्या घराण्याची वस्तू आहे बरं!" खुशाल न्यावी. खिळा माझ्या वडिलांनी ठोकलेला आहे. तो भिंतीतच राहील.

फिर्मँची हत्यारे गावातल्या विमान क्लबला. पोस्टातल्या शिलकीतून माझा अंत्यविधी करावा, उरेल ते चर्चच्या अन्नछत्राला. मला फिर्मँशेजारीच पुरावे. आमचे भांडण अजून मिटलेले नाही.

ते भांडण असे. फिर्मँ डोंगरापलीकडून टपाल आणत असे. परतताना घरावर घिरटी घाली, आणि मी कणकेच्या हातांनी अंगणात धावे. रविवारी क्लबच्या विमानातून त्याने निम्मे गाव फिरवले. युजेनीला नेले, पाद्रीबाबांच्या स्वयंपाकिणीलासुद्धा नेले.

"मला कधी नेणार?" मी विचारले.

"वर काय ठेवलंय? थंडी नि तेलाचा वास. तू अंगणात दिसलीस की मला घर सापडतं."

"मी काय धावपट्टी आहे?"

तो हसला. मी हसले नाही.

पुढे डोळे अधू झाले, उड्डाण बंद झाले, तो कायमचा घरी आला. खुर्ची खिडकीकडे वळवून दिवसभर आभाळ बघत बसे. मी त्याच्या पाठीशी बोलत असे. नवरा दूर असताना जी पोकळी जाणवली नव्हती, ती तो घरात असताना जाणवली.

तो गेल्यावर क्लबात उड्डाण शिकवणाऱ्या सोलांजने मला वर नेले. "काकू, पट्टा घट्ट आवळा. भीती वाटली तर बिनधास्त ओरडा!" माझ्या घरावरून वळलो. वाळत घातलेल्या चादरी दिसल्या, कोबीचा वाफा दिसला, स्वयंपाकघराचे उघडे दार दिसले. अंगण रिकामे होते. तरी माझी नजर तिथे कोणाला तरी शोधत राहिली. फिर्मँला तिथे काय दिसत होते, ते तेव्हा कळले. मला सांगायला मात्र त्याला शब्द सुचले नव्हते.

उतरलो तेव्हा कुंपणाशी सोलांजचा नवरा बास्त्यँ कॉफी घेऊन उभा होता.

"तुम्ही कधी वर गेलात?" मी विचारले.

"छे हो, काकू! ती म्हणते, तू खाली असलास की बरं वाटतं."

दोघे हसले. मी माझा कप तसाच परत दिला.

सबब माझे घर व अंगण सोलांज आणि बास्त्यँ या दोघांना समान हिश्श्याने देत आहे. अट एकच. सोलांजने बास्त्यँला विमानातून नेल्याशिवाय नोटरींनी किल्ली देऊ नये. तो नको म्हणाला तरी न्यावे. याच घरावर घिरटी घालावी. अंगणात कोणी नसेल. ते दोघांनी मिळून बघावे.

ठिकाण: कास्त्र
दिनांक: ९ ऑक्टोबर १९५८
सही: लेओन्तीन बार्तेस

आमच्यासमक्ष वाचून सही केली:
ओनोरीन गाल्तिए, औषधविक्रेती
एमील सेर, घड्याळजी