प्रवीणचा फोन आला की

१२ जाने.
आंजी गावच्या नवरीचा मेकअप सोडून केळझरला गेले. प्रवीणचा फोन होता, "लय ताप हाय, ये." पोचले तर हा स्टँडवर मित्रांसोबत चहा पीत बसलेला. हसला. "खरंच आली का तू!"
सहा वर्षं हेच. बोलावतो, जाते. मग महिना महिना गायब.
नवरीला म्हणे शेजारणीने तयार केलं. तिच्या आईने फोनवर एवढंच विचारलं, "काऊन केलं बाई असं?"

१८ जाने., रविवार
चर्चमधली उपासना झाल्यावर मार्थाबाईंजवळ बसले. पाळकांच्या पत्नी, समुपदेशन करतात. सगळं सांगितलं. वाटलं, रागावतील. त्यांनी विचारलं, "प्रार्थनेत काय मागतेस?"
प्रवीण परत यावा. दुसरं काय.
"म्हणजे देवाकडं बी तू त्याच्यासाठीच जातेस."
दारूसारखंच असतं हे, म्हणाल्या. सुटतं, पण हळूहळू.

२३ जाने.
प्रवीणचा नंबर ब्लॉक केला. दुपारी ब्लॉक काढला. संध्याकाळी परत केला. पार्लरमध्ये एकीची भुवई बिघडवली. आई म्हणते, "जेवून घे नं वं." गिळवत नाही.

३१ जाने.
दिवसभर मार्थाबाईंना फोन केले. शेवटी म्हणाल्या, "बेटा, त्याची जागा मले देऊ नोको. मंगळवारी ये, बसू. मधात फोन नोको."
राग आला. रडले. पण खरं तेच. मला कोणीतरी लागतंच. रिकामं राहताच येत नाही.
प्रार्थनेला बसले. काही मागितलं नाही. कंटाळा आला. तरी उठले नाही.

८ फेब्रु.
आंजीला जाऊन माफी मागितली. नवरीची आई म्हणाली, "बस, पाणी पे." धाकटीचं लग्न आहे, पण मेकअपचं बोलली नाही. मीही नाही.

१२ फेब्रु.
प्रवीण पार्लरमध्ये आला. आईसमोरच. "लग्न करू आपण. चर्चमधी कर, मले चालते. खरंच म्हणून राह्यलो."
हेच ऐकायसाठी सहा वर्षं... आतून आनंद होईल म्हणून थांबले. झाला नाही. नुसता थकवा.
"आता काय झालं तुले? बोल नं."
"माहीत नाई," म्हटलं. त्याला असं कधी म्हटलं नव्हतं. तो गोंधळला. उद्या येतो म्हणून गेला.
शटर ओढताना आईने विचारलं, "काय सांगशील त्याले?"
म्हटलं, "आई, आधी मले झोपू दे."