मास्तरसाठी लपायला कुणीतरी

ता. ५

ती. स्व. मामीस,
शि. सा. न. वि. वि.

फोन नको, पत्र लिही, असं तू बजावून गेलीस म्हणून लिहायला बसलोय. अपरात्री फोन वाजायचा आणि मामा बूट चढवून शोधाला निघायचा. त्या आवाजाचा तुला वीट आलाय, कळतं मला. बहिणीकडे झोप तरी लागते का?

घर ठीक आहे. मोरीतला नळ गळतोय. दारातल्या स्टुलापाशी मामाचे बूट तसेच आहेत. त्या दिवशी शोधावरून आला, एक बूट काढला आणि दुसरा पायातच राहिला. मास्तर रोज त्या दुसऱ्या बुटावर हनुवटी टेकून पडतो. मी हाक मारली की गृहपाठ न केलेल्या पोराकडे बघावं तसा बघतो आणि परत डोळे मिटतो. मामाने कुत्र्याचं नाव अगदी नेमकं ठेवलं होतं.

काल बचाव पथकाच्या शेडमध्ये मामाची शोकसभा झाली. पथकप्रमुख म्हणाले, मामाला थकवा कसा तो ठाऊकच नव्हता. बिनपगारी काम, पण माणूस पोलादाचा. माझं डोकंच फिरलं. मध्येच उठून म्हणालो, मामा दर वेळी थकायचा, हातात घास घेऊन ताटावर झोपायचा आणि तरी पुढचा फोन आला की जायचा, तुम्ही ते उगाच सोपं करून सांगू नका. सगळे बघत राहिले. वायरलेसवर बसते ती मुलगीसुद्धा. तिच्यापायी मी कॉलेज अर्ध्यावर सोडून पथकात घुसलो असं आई जगभर सांगत सुटलीय. आई सहसा खोटं बोलत नाही.

नंतर प्रमुखांनी बाजूला घेतलं. वाटलं, आता हाकलणार. पण विषय मास्तरचा निघाला. मामा गेल्यापासून तो कामाला उभाच राहत नाही. महिनाअखेर चाचणी आहे. लपलेला माणूस शोधून भुंकला तर पथकात राहील, नाहीतर कुठल्याशा गोदामाला राखणीसाठी देतील. म्हणजे जन्मभर साखळी. मी म्हणालो, मी तयार करतो त्याला. बोलून बसलो खरा.

रागावायचं तर रागाव, पण माया आटू देऊ नकोस.

तुझा तापट भाचा


ता. ११

चि. तापटास,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. सभेत बोललास ते वाचून ताईने कपाळावर हात मारला. मी हसले. हे गेल्यापासून पहिल्यांदाच. थकायचे रे, फार थकायचे. कधी कधी बुटाची नाडी सोडायचं बळ नसायचं, मग पाय माझ्यापुढे करून नुसते बसून राहायचे. पोलादाला कुणी नाडी सोडून देतं का?

नळाचा वायसर बदल, कपाटात खालच्या डब्यात आहे. मास्तरवर ओरडू नकोस. ह्यांचा आवाज घरात खणखणीत, पण ढिगाऱ्यावर इतका खाली यायचा की शेजारच्याला ऐकू जात नसे. आणि वायरलेसवालीकडे बघत बघत कुत्र्याला हुकूम सोडू नकोस, त्याला सगळं कळतं.

मला मात्र परत बोलावू नकोस. दाराकडे कान लावून बसण्यात माझं निम्मं आयुष्य गेलं. इथे दार वाजलं तरी मला उठावं लागत नाही, एवढंच सुख आहे, ते भोगू दे.

वेळेवर जेवत जा. तुझ्यावर जीव आहेच, तो वेगळा मागू नकोस.

मामी


ता. १९

ती. स्व. मामीस,
शि. सा. न. वि. वि.

परवा एक जुनी इमारत खचली. प्रमुखांनी दुसऱ्या कुत्र्यांबरोबर मास्तरलाही घेतलं. तो निघाला, मामी. ढिगाऱ्यावर चढला, नाक लावलं, पण भुंकला नाही. जिथे थांबला तिथे आडवा झाला. खणलं तर प्रत्येक ठिकाणी उशीर झालेला होता. तेव्हापासून अन्नाला तोंड लावत नाही.

सरावाला पथकातली पोरं लपतात. कोण कुठे ते मला ठाऊक असतं. मास्तर माझ्या तोंडाकडे बघतो आणि बसतो. काल मी ओरडलो. तुझं ऐकलं नाही. मग वायरलेसवालीने सगळ्यांदेखत माझी खरडपट्टी काढली. म्हणाली, ढिगाऱ्यावरसुद्धा तुझे डोळे माझ्याकडे होते, कुत्र्याला वाटणार शोधायची ती हीच, आणि मी तर समोर उभी होते. चिडायलाही जागा ठेवली नाही तिने. जाताना आपला डबा मास्तरपुढे उघडून ठेवला. त्याने हुंगला नाही. मीही नाही.

थकलोय गं. हाडांत शिरलेला थकवा आहे. मामा हे वर्षानुवर्षं कसं करत होता, ते कुणाला विचारू?

तिनेच सांगितलं की पूर्वी मास्तरसाठी तू लपायचीस. चाचणी दहा-बारा दिवसांवर आलीय. तू नको म्हणालीस, तरी एकदा विचारतो. येशील?

नाही म्हणालीस तरी मी तुझाच.

भाचा


ता. २५

चि. तापटास,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र टपालाने पाठवत नाही. आपल्या घराशेजारच्या शिंप्याकडे देतेय, तो जेवणाच्या सुट्टीत तुला आणून देईल.

हो, मी लपायचे. पिंपात, जिन्याखाली, पडक्या शाळेत, एकदा तर सिमेंटच्या पाइपात अडकून बसले आणि हे बाहेर हसत उभे. सरावाला पथकातलं कुणीही चालायचं. पण एखाद्या शोधात कुणीच जिवंत मिळालं नाही, की हे घरी येऊन आधी मला लपायला लावायचे. मी चिडायचे. दिवसभर ह्यांची वाट बघायची आणि आले की मीच बाहेर जाऊन बसायचं. हे म्हणायचे, मास्तरला आज एक तरी जिवंत माणूस सापडू दे, नाहीतर उद्या तो शोधणार नाही. मास्तरचं निमित्त होतं रे. मी सापडले की मग दोघंही जेवायचे.

तू विचारलंस ना, कसं करत होते? असं.

मी गावात आले आहे. कुठे ते सांगणार नाही, शिंप्यालाही माहीत नाही. तुला ठाऊक असलं की तुझ्या चेहऱ्यावरून मास्तर ओळखतो आणि शोधायचं सोडून देतो. हेसुद्धा मला लपायला धाडून भिंतीकडे तोंड करून उभे राहायचे. ह्यांचा बूट उचलून कपाटात ठेव, मग दार उघड. आवाज खाली. तो नेईल तिकडे जा.

फार वेळ लावू नका. इथे ओल आहे आणि माझे गुडघे आता पहिल्यासारखे राहिले नाहीत. जेवण शिंपिणीकडे झाकून ठेवलंय, तिघांचं. मी सापडल्यावर बसायचं, आधी नाही.

आशीर्वाद समोर आलास की देईन.

वाट बघतेय,
मामी