बोटीवरच्या माणसाला पेज कशी वाढायची

११ ऑक्टोबर १९८६

आज पुन्हा डबा! घरी येऊन सहा दिवस झाले आणि सहा दिवसांत चार डबे फुटले. सकाळी पाव आणि डब्यातलं चीज, दुपारी डब्यातले सॉसेज तळून, संध्याकाळी डब्यातले वाटाणे. दमयंती पदर खोचून समोर उभी राहते नि विचारते, "जमलंय ना ओ? तुमच्या बोटीवर असतं तसं?" जमलंय गो बाय, अगदी तस्संच जमलंय. म्हणून तर घास खाली उतरत नाही.

सतरा वर्षं बोटीच्या गॅलीत मी दुसऱ्यांसाठी हेच शिजवलं. बर्फातलं मटण, पावडरीचं दूध, पावडरीची अंडी. शेवटी शेवटी माझ्या जिभेला काही कळेनासंच झालं. मीठ कमी का जास्त, तेसुद्धा हाताखालच्या पोराला चाखायला लावायचो. स्वयंपाक्याला चव लागत नाही हे कुणाला सांगायचं! आता मालगुंडात, स्वतःच्या घरात बसलो तरी ताटात तेच. पण बोललो नाही. बिचारी हौसेने करते, आणि डबे मीच आणलेले. दर खेपेला ट्रंक भरून.

१२ ऑक्टोबर

पाचवा डबा. अननस! आमच्या बांधावर अननसाचं रान माजलंय आणि मी खातोय डब्यातला.

१५ ऑक्टोबर

आज चोरी पकडली. माझं जेवण झालं (नूडल्स), पाणी प्यायला मागल्या पडवीत गेलो. तर मायलेकी चुलीपुढे बसलेल्या. समोर उकड्या तांदळाची पेज, वाफ येतेय, बाजूला भाजलेली सुकट आणि कैरीचं लोणचं. मला बघून दमयंतीने ताटावर पदर ओढला!

"हे काय?"

"काय नाय. आमचं आपलं असंच."

"मग मला का नाही वाढलंस?"

"बोटीवरच्या माणसाला पेज कशी वाढायची ओ? लोक काय म्हणतील?"

"लोक काय माझं ताट बघायला येतात?"

"शेजारच्या रावजीभावजींची बायको येते की! रोज डोकावते."

तेवढ्यात कमळा बोलली. बारा वर्षांची आहे पण जीभ तिखट. "बाबा, तुम्ही आणलेले डब्यातले मासे आम्ही मांजराला घातले. तेपण खायना."

मी आधी रागावलो, मग हसलो, आणि मग हसता हसता खालीच बसलो. सतरा वर्षं मी डबे आणतोय, ह्यांना आवडतात म्हणून. आणि ह्या ते मला वाढतायत, मला आवडतात म्हणून! डोकं फिरायची वेळ. तीन वाडगे पेज प्यायलो. सुकट जिभेवर ठेवली आणि चव लागली. खरोखर लागली. डोळ्यांत पाणी आलं. वहीत लिहायला लाज कसली.

१६ ऑक्टोबर

आज एकदाचं बोललो. मला परत बोटीवर जायचं नाही.

दमयंती भांडी घासत होती. हात थांबला नाही तिचा. "हे तुम्ही गेल्या खेपेला पण म्हणालात. आणि त्याच्या आधीच्या खेपेला पण."

खरं आहे. तिसरा महिना लागला की कंपनीची तार येते. अमुक तारखेच्या आत मुंबईला हजर व्हा. आणि मी निमूट ट्रंक भरायला लागतो. तारीख चुकवली की यादीतून नाव कायमचं जातं, हे सगळ्या खलाशांना ठाऊक आहे. पण चुकवायची कशी? तार हातात पडली की माझ्याने नाही म्हणवत नाही. आमच्या वडिलांचं तसंच होतं, मचव्याच्या तांडेलाची हाक आली की भरल्या ताटावरून उठायचे. तिला म्हटलंसुद्धा, "तारच आली नाही ना, तर सुटलो मी!"

"आणि खायचं काय?"

"इथं पिकतं ते."

"बघू या," म्हणाली. "तीन महिने खाऊन दाखवा. मग बोला."

२३ ऑक्टोबर

भातकापणी. बोट कापलं. कमळा माझ्या दुप्पट कापते. "बाबा, तुम्ही भारे वाहा." वाहिले. कंबर मोडली. भूक म्हणजे काय, ते मात्र आज कळलं!

१ नोव्हेंबर

पहिली अंघोळ. पायाने कारीट फोडलं. सतरा वर्षांत घरची दिवाळी चारदा मिळाली असेल. नव्या भाताचे पोहे, गोडे नि तिखे, दोन्ही. डालडा घरात आणायचा नाही असं ठरलंय, त्यामुळे चकल्या नारळाच्या तेलात. कमळाने आधी नाक मुरडलं आणि मग डबा उघडून एकटीनेच संपवल्या.

काचेच्या कपाटातले उरलेले डबे रावजीच्या बायकोला दिले. रावजी आमचा शेजारी, पुळ्याला गणपतीच्या देवळाच्या वाटेवर त्याचं चहाचं खोपटं आहे. बाई डबे टोपलीत घालून अशा ऐटीत निघाल्या की गावाला वाटावं लग्नाचा रुखवत चाललाय. कपाटात आता बियाणं. पडवळ, दुधी, चवळी, लाल माठ, सगळं बाटल्यांत. काचेतून बघायला बरं वाटतं.

९ नोव्हेंबर

आज मी घरात उपयोगाला आलो! भात उकडायचं होतं. दमयंती दरवर्षी छोट्या तपेल्यात थोडं थोडं करून चार दिवस काढते. म्हटलं, सरक बाजूला. वाडीतला मोठा हांडा आणला, खळ्यात तीन दगड मांडले, झावळ्या आणि नारळाची सोडणं लावली. चाळीस माणसांचं शिजवणाऱ्याला हांड्याची काय भीती! भात फुटायला लागलं की नेमकं कधी खाली ओढायचं, ते वासावरून कळलं मला. वास येतोय, चव येतेय. सतरा वर्षांचं गेलेलं सगळं परत येतंय.

दुपारपर्यंत तीन घरची माणसं आपापलं भात घेऊन खळ्यात हजर. रावजी म्हणाला, "मेल्या, तुला बोटीवर कशाला पाठवला होता रे आम्ही?"

२१ नोव्हेंबर

कुळीथ नि पावटा पेरून झाला. न्हाणीचं पाणी पाटाने केळींना वळवलं. सोपं काम, आधी का सुचलं नाही!

भिकाजी पोस्टमन भेटला. "काही आलंय?" "नाय ओ." जीव भांड्यात पडला. रोज विचारतो मी त्याला. भिकाजी म्हणतो, नवी नवरीपण नवऱ्याच्या पत्राची एवढी चौकशी करत नाही.

घरी आलो तर दमयंतीने माझी ट्रंक माळ्यावरून काढली होती. धुऊन पुसून खळ्यात उन्हाला लावलेली. म्हणजे हिच्या मनातून मी जायचंच! काही विचारलं नाही. विचारलं असतं तर "हो" म्हणाली असती, मग?

२२ नोव्हेंबर

जेवलो नाही नीट. तिने विचारलं, काय होतंय. म्हटलं, काही नाही.

११ डिसेंबर

मी एक नंबरचा मूर्ख! आज आमसुलं शोधताना ट्रंक उघडली. आत काय? वाल. काठोकाठ. वर राख पसरलेली, कीड लागू नये म्हणून. माझे बोटीवरचे पांढरे कपडे कुठे गेले म्हणून विचारलं, तर दमयंती म्हणाली, "दोन सदऱ्यांची गाळणी केली ओ, सोलकढीला. बाकीचे आहेत चिंध्यांत." एवढं साध्या आवाजात! तीन आठवडे मी मनात कुढत होतो आणि इकडे माझ्या सदऱ्यातून सोलकढी गाळली जात होती. दोन वाट्या प्यायलो, सदऱ्याला धरून.

पण तार यायचीच आहे. ट्रंक नसली म्हणून तार थांबत नाही. पिशवीतूनही कपडे नेता येतात.

१६ डिसेंबर

आज भिकाजी आमच्या घराकडूनच पाणंदीने परत येताना दिसला. "काय रे, आमच्याकडे?" म्हणाला, "पाणी प्यायला थांबलो होतो." आणि सायकलवर टांग मारून गेला. एरवी अर्धा तास हलत नाही मेला.

घरी विचारलं. दमयंती म्हणाली, "पाणीच प्यायला." हुश्श!

रात्रीची पेज मात्र खारट. हिच्या हातचं काही खारट झालेलं पहिल्यांदा बघितलं. आणि एक नवंच काढलंय, उकड्या तांदळाच्या पिंपात यापुढे दुसऱ्या कुणी हात घालायचा नाही. "तुमचे हात ओले असतात. किडे पडतील." बरं बाई.

२० डिसेंबर

काल संकष्टी. पुळ्याला ही गर्दी! रावजी आठवडाभर मागे लागला होता, माझ्या खोपटात जेवणाचं बघ, नुसत्या चहावर काय होतं. पण त्याचा हट्ट बटाटेवडा नि पुरीभाजीचा. "शहरातले लोक आपली पिठी-भाकरी खातील काय? पिकतं तिथं विकत नाही!" मी म्हटलं, तू चहा बघ, चुलीकडे येऊ नकोस.

उपासाला वऱ्याचे तांदूळ नि दाण्याची आमटी. ज्यांचा उपास नाही त्यांना तांदळाची भाकरी, कुळथाची पिठी, माठाची भाजी, सोलकढी. सगळं आमच्या नि शेजारच्या परसातलं. पानं केळीची, धुवायला नकोत, गाईला घालता येतात. दमयंती भाकऱ्या थापत होती, कमळा वाढत होती. दुपारी एकला पिठी संपली! पुण्याच्या एका बाईंनी चुलीपाशी येऊन विचारलं, ह्यात काय घातलंत? म्हटलं, कुळीथ. अजून काय? म्हटलं, लसूण, कोकम. विश्वास बसेना त्यांचा.

बोटीवर सतरा वर्षं रांधलं, पण गॅलीत येऊन कुणी कधी असं विचारलं नव्हतं. रावजी परतीच्या वाटेवर म्हणाला, "पुढच्या संकष्टीला दुप्पट करू." पुढच्या संकष्टीला मी कुठे असणार? दमयंतीकडे बघितलं. ती रडत होती. विचारलं तर म्हणाली, धूर गेला डोळ्यांत. अर्धा मैल चालून आल्यावर धूर?

२९ डिसेंबर

तार नाही.

इतका उशीर कधी होत नाही. सुटलो असं म्हणायला हवं. म्हणतोय पण. तरी आत कुठेतरी लागलं, हे खरं. सतरा वर्षं राबलो, आणि कंपनीला साधी आठवणही नाही! कसा असतो माणूस. नको नको म्हणतो, आणि बोलावलं नाही की रुसतो.

दमयंतीला म्हटलं, मुंबईला जाऊन एकदा विचारून यावं काय. ती ताडकन उठली. "कशाला ओ? आपण होऊन वाघाच्या तोंडात डोकं घालायला? पावटा काढायचा कोणी?" एवढी चिडलेली मी तिला बघितली नव्हती. म्हटलं, बरं, पावटा झाल्यावर बघू.

१ जानेवारी १९८७

पावट्याच्या शेंगा उकडून खाल्ल्या, मीठ घालून. कमळा म्हणाली, "बाबा, तुम्ही जाड झालात." झालोय. पोटातली जळजळ कधी थांबली, ते कळलंच नाही. आज कुणाला विचारलं नाही तारेचं.

४ जानेवारी

दमयंती आणि कमळा सकाळीच बहिणीकडे बारशाला गेल्या. म्हटलं, येईपर्यंत पेज टाकून ठेवू. पिंपातून तांदूळ काढताना हातातलं माप आत घसरलं. कोपरापर्यंत हात घातला. कागद लागला.

तार. सोळा डिसेंबरची. अठ्ठावीसच्या आत हजर व्हा.

दोनदा वाचली. अठ्ठावीस होऊन आठवडा उलटला होता. मग तार होती तिथेच खाली सारली आणि वरचा तांदूळ हाताने सारखा केला.

दुपारी त्या आल्या. चुलीवर पेज बघून दमयंती उंबऱ्यातच थांबली. "तांदूळ कुठून घेतलात?"

"पिंपातून. वरवरचाच घेतला."

तिने माझ्याकडे बघितलं. मी वाडगे मांडायला घेतले, तीन.