उत्तरेकडची वाफ

राजा पार्क, जयपूर

प्रिय वरुण,

लिफाफ्यावर माझं अक्षर बघून तू घाबरशील, म्हणून आधीच सांगते, तब्येत उत्तम आहे. सावकाश वाच. शब्द अडला तर कीर्तीला विचार. माझ्या सुनेचं साताऱ्याचं मराठी तुझ्या जयपुरी मराठीपेक्षा केव्हाही बरं.

केनियाहून येऊन महिना होत आला. तिथे असताना तू रोज फोन करायचास. गोळ्या घेतल्यास का, उन्हात फिरू नकोस, सामान दुसऱ्या कुणाला उचलू दे. पण मी तिथे नक्की करते काय, हे तू विचारलं नाहीस आणि माझंही सांगायचं राहून गेलं. आज सांगते.

लहानपणी ज्याला तू ‘आईचा डबा’ म्हणायचास, तसंच यंत्र तिथेही होतं. जमिनीखाली जड खडक असला की तिथलं गुरुत्वाकर्षण केसभर वाढतं, तेवढं ते टिपतं. जयपूरजवळ बस्सीच्या माळावर मी ते सपाट जमिनीवर मांडत असे. तिथे ज्वालामुखीच्या उतारावर, पायाखालून राख सरकत असताना मांडायचं. आकडे जुळवले तेव्हा डोंगराच्या पोटात थिजलेल्या लाव्हाचे दोन मोठे गोळे दिसले. एक दक्षिणेला, रस्त्याच्या अगदी जवळ. दुसरा उत्तरेला, घळीच्या पलीकडे. वजनाला दोन्ही सारखेच. त्यातला जो अजून तापलेला असेल त्याच्यावर विहीर खोदायची, म्हणजे वाफ मिळेल आणि त्या वाफेवर वीज. पण कोणता तापलेला, हे माझा डबा सांगू शकत नाही.

खोदकामाच्या प्रमुखांनी यंत्रसामग्री दक्षिणेला आणून उभीही केली होती. बैठकीत ते मला म्हणाले, “मॅडम, दोन्ही सारखेच आहेत ना? मग रस्त्याजवळचा घेऊ.” मी म्हटलं, “वजन सारखं आहे. वय सारखं आहे का, ते कळेपर्यंत माझी सही मिळणार नाही.” पहिलीच विहीर थंड निघाली असती तर सगळा प्रकल्प गुंडाळला गेला असता, हे त्यांनाही ठाऊक होतं; पण थांबायची कुणाचीच तयारी नव्हती. मी मात्र सही केली नाही.

मग आमच्या तुकडीतल्या अनिमेषनं दोन्ही बाजूंच्या लाव्हाचे तुकडे फोडून प्रयोगशाळेत पाठवले. लाव्हा थिजला की त्यात आरगॉन वायू हळूहळू साठत जातो. तो मोजला की खडकाचं वय कळतं. निकाल येईपर्यंत प्रमुख माझ्याशी बोलले नाहीत. मी खोलीवर उपमा करून एकटीच जेवायची. एकदा तर बॅग भरावी असंही वाटलं. भरली नाही. माझं म्हणणं बरोबर होतं.

निकाल आला. दक्षिणेचा लाव्हा सात-आठ लाख वर्षांचा, म्हणजे खालचा गोळा केव्हाच निवलेला असणार. उत्तरेचा जेमतेम दहा हजारांचा. प्रमुखांनी कागद दोनदा वाचला आणि घळीतून रस्ता काढायचा हुकूम दिला. ज्या दिवशी उत्तरेच्या विहिरीतून वाफ उसळली, त्या दिवशी जमीन अशी थरारली की मी अनिमेषचा दंड घट्ट धरला. आवाज इतका की शेजारचा माणूस काय ओरडतोय ते ऐकू येईना. प्रमुख धावत आले, माझा हात हातात घेऊन हलवत राहिले. मीही ओरडत होते. तुझे बाबा गेल्यापासून मी अशी कशासाठीच ओरडले नव्हते रे.

इथे परत आले तर शेजारच्या भाभीजी रोज विचारतात, “अब तो बेटे के पास जाओगी ना?” मी हसते आणि विषय बदलते.

काल कीर्तीचा फोन आला. बोलता बोलता तिच्या तोंडून निसटलं, की पुण्याच्या घरातली मागची खोली तू माझ्यासाठी रंगवून घेतो आहेस आणि या फ्लॅटला गिऱ्हाईकही बघतो आहेस. तिच्यावर चिडू नकोस. मला भरून आलं, आणि म्हणूनच लगेच लिहायला बसले. वरुण, केनियाच्या प्रकल्पवाल्यांनी मला दोन वर्षांसाठी परत बोलावलं आहे आणि मी हो म्हटलं आहे. फोनवर तू मला वाक्य पुरं करू दिलं नसतंस. कीर्तीच्या बाळंतपणाला मी येईन, डिंकाचे लाडू करीन, बाळाला न्हाऊ घालीन, सांभाळायला चांगली बाई मीच शोधून देईन, आणि मग जाईन. फ्लॅट विकू नकोस. खोली मात्र रंगव, आणि तिथे पाळणा बांध. सुट्टीवर आले की पाळण्याशेजारी चटई टाकून मी झोपेन. तेवढे दिवस रात्री बाळ रडलं तर तुम्ही दोघांनी उठायचं नाही.

तुझीच,
आई